खंड्याला मासा घावला का

आमच्या शाळेतून निघालं की पाच मिनिटांत पवनेचा पूल लागतो. शाळा काळेवाडीत, महापालिकेची, आणि माझं घर नदीपलीकडे संत तुकाराम नगरात; म्हणजे सकाळ-संध्याकाळ तो पूल माझ्या नशिबी आहेच. फेब्रुवारी आला की नदीवर जलपर्णी इतकी दाट पसरते की पाण्याचा टिपूस दिसत नाही. वर्गात नवीन आलेलं एखादं पोर दरवर्षी विचारतंच, "बाई, ते खाली हिरवं ग्राउंड आहे ना, तिथं खेळायला का जाऊ देत नाहीत?" पहिल्या वर्षी मला हसू आलं होतं. नंतर नंतर राग यायला लागला. राग नेमका कोणावर काढायचा ते कळत नाही, म्हणून समोर सापडेल त्याच्यावर मी तो काढते, असं आमच्या घरचे म्हणतात. खोटं नाही ते.

मी तिसरीला शिकवते. परिसर अभ्यासात 'पाणी स्वच्छ ठेवावे' असं छापलेलं आहे. पोरं ते घडाघडा पाठ म्हणतात, पेपरात न चुकता लिहितात, आणि संध्याकाळी आईबापांच्या गाडीवर बसून पुलावर येतात नि निर्माल्याची पिशवी खाली भिरकावतात. प्लॅस्टिकसकट! वर हात जोडून नमस्कारही करतात. मी कितीदा घसा कोरडा केला असेल, पण भिंतीशी बोलल्यासारखं. मग एका प्रदर्शनात मला एक चित्रांचं पुस्तक मिळालं आणि माझं तोंड जरा बंद झालं.

पुस्तक लहानसं. पानं थोडी, शब्द त्याहून थोडे. एक खंड्या पक्षी नदीत मासा शोधतोय, एवढीच गोष्ट. पहिल्यांदा तो पाण्यात सूर मारतो आणि वर येतो तेव्हा चोचीत चप्पल. दुसऱ्यांदा पिशवी. मग तेलाची बाटली, मग फुटक्या काचेची देवाची तसबीर, मग उशीतला कापूस. दर वेळी खाली एकच वाक्य: 'हा मासा नाही.' दुसऱ्या पानापासूनच अख्खा वर्ग माझ्या आधी ओरडायला लागायचा, "हा मासा नाही!" शेजारच्या वर्गातल्या बाई दार लावून घ्यायच्या. शेवटून दुसऱ्या पानावर खंड्या दमून फांदीवर बसलाय, पिसं पार विस्कटलीत, आणि खाली लिहिलंय, 'खंड्याने आणखी एकदा सूर मारला.'

पुढचं पान मी वर्गात कधीच उघडलं नाही. शेवटच्या पानाला मी कपडे वाळत घालायचा लाकडी चिमटा लावला आणि जाहीर केलं, की हे पान घरी बघायचं. रोज एकाचा नंबर. हजेरीच्या क्रमाने एकेक जण पुस्तक कापडी पिशवीतून घरी नेणार, घरातल्या सगळ्यांना बसवून वाचून दाखवणार, मग सगळ्यांसमोर चिमटा काढणार. पान बघून झालं की घरच्यांनी नदीसाठी एक शब्द द्यायचा, आणि तो पोराने माझ्या वहीत लिहून आणायचा. दुसऱ्या दिवशी चिमटा परत जागेवर. आणि ज्याने शेवट बघितला त्याने बाकीच्यांना तो सांगायचा नाही.

तुम्हाला वाटेल, तिसरीतली पोरं, दुपारच्या खिचडीपर्यंत सगळ्यांना फुटलं असेल. छे! ज्यांच्या पोटात काही राहत नाही अशी पोरं, पण या बाबतीत तोंडाला कुलूप. शेवट बघून आलेलं पोर दुसऱ्या दिवशी असं काही ऐटीत चालायचं, जसं काही कंपनीत परमनंट झालंय. वहीत शब्द जमत गेले. 'आम्ही फुले कुंडीत घालू.' 'पप्पा पुडीचा कागद खिशात ठेवतील.' एका मेकॅनिकच्या मुलीने लिहून आणलं, 'अब्बू गाडीचं काळं तेल आता गटारात ओतत नाहीत, डब्यात भरतात.' एकाने प्रामाणिकपणे लिहिलं, 'आजी म्हणाली बघू.' तेही मी राहू दिलं.

आता माझ्या एका सवयीबद्दल सांगायला हवं, कारण सगळं तिथेच अडलं. आमच्या वर्गातले निम्म्याहून जास्त बाप कंपन्यांमध्ये ठेकेदाराकडून लागलेले. काही महिने झाले की त्यांना कामावरून कमी करतात, त्याला सगळे 'ब्रेक' म्हणतात. ब्रेक मिळाला की माणूस दुसरी कंपनी शोधतो, आणि कंपनी लांब असली की बिऱ्हाड हलतं. रविवारी टेम्पो येतो, सोमवारी बाकावरची एक जागा रिकामी. दाखला न्यायलासुद्धा कोणी थांबत नाही. त्या पुस्तकाची माझी पहिली प्रत अशीच एका बिऱ्हाडाबरोबर गेली. दुसरी मिळवताना माझ्या नाकीनऊ आले, कारण ते पुस्तक छापायचंच बंद झालं होतं. तेव्हापासून मी शनिवारी पुस्तक देणं बंद केलं. आणि पिशवी हातात ठेवण्याआधी प्रत्येकाला विचारायला लागले, "पप्पांची कंपनी चालू आहे ना?"

चालू असली तर पुस्तक मिळायचं. ब्रेक असला तर मी म्हणायचे, "बरं, तुझं नंतर बघू." ते नंतर कधी यायचं नाही. मला वाटायचं, पोरांच्या हे लक्षात येत नाही. केवढा शहाणपणा माझा!

ती मुलगी दिवाळीनंतर आली, परभणीकडची. उशिरा नाव घातल्यामुळे हजेरीत सगळ्यात शेवटी, त्रेचाळीस नंबर. दोन घट्ट वेण्या, आणि आवाज असा की मैदानाच्या त्या टोकावरून ऐकू यावा. त्या वर्षी पुस्तकाचे नंबर जानेवारीत सुरू झाले. पहिल्या दिवशी 'हा मासा नाही' ती इतक्या जोरात ओरडली की मी दचकले. तास संपल्यावर टेबलापाशी आली आणि म्हणाली, "बाई, मंग त्याला मासा घावला का?"

"नंबर आला की कळेल."

"माजा कधी?"

"तुझा शेवटी. त्रेचाळीस."

तिने बोटं मोजली नाहीत की तोंड पाडलं नाही. नुसतं "बरं" म्हणाली, आणि त्या दिवसापासून पुस्तकाची सगळी उस्तवार तिने आपल्या अंगावर घेतली. रोज सकाळी पुस्तक परत आलं की आधी ती तपासणार. कोपरा दुमडला असेल तर सरळ करणार, कव्हर फाटलं तर डिंक आणणार, चिमटा नीट बसलाय का बघणार. चिमट्याच्या आत डोकावायची नाही, हे विशेष. आदल्या दिवशी ज्याचा नंबर होता त्याच्या मात्र हात धुऊन मागे लागायची, "नुस्तं हो का न्हाई सांग की! घावला का?" तो ओठ मिटून हसायचा. ती पाय आपटून जागेवर जायची. मला गंमत वाटायची.

जानेवारीअखेर एका रविवारी आमच्याकडे सत्यनारायण झाला. पूजेची फुलं, केळीचे खुंट, पानं, दोन मोठ्या पिशव्या भरल्या. घरची कुंडी आधीच तुडुंब. सासूबाई म्हणाल्या, "पुलावरून टाकून ये गं, एक दिवस." मी, पोरांना एवढं शिकवणारी मी, गाडीवर मागे बसले दोन पिशव्या घेऊन. यांनी पुलावर गाडी बाजूला घेतली. मी कठड्याशी गेले, पिशवी उचलली, आणि बघते तर चार हातांवर ती. आईबरोबर भाजी घेऊन निघाली होती. थांबून माझ्याकडे बघत होती.

धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं झालं मला. आई बिचारी हसून म्हणाली, "ह्या आमच्या हिच्या बाई ना?" मी पिशवी खाली घेतली आणि काहीतरी पुटपुटले, वजन बघत होते वगैरे. कसलं वजन नि कसलं काय! दोन्ही पिशव्या घेऊन आम्ही घरी परत. सासूबाईंनी विचारलं, "टाकलं?" मी म्हटलं, "नाही टाकलं, आणि आता पुन्हा सांगू नका." त्या दिवशी आमच्या घरात एक नवीन कुंडी आली.

सोमवारी मी धास्तावूनच वर्गात गेले. आता अख्ख्या वर्गाला कळलं असणार, पोरं तोंडावर हात ठेवून हसणार. कोणी हसलं नाही. तिने कुणाला अवाक्षर सांगितलं नव्हतं. वह्या द्यायला टेबलापाशी आली तेव्हा फक्त खालच्या आवाजात विचारलं, "बाई, फुलं कुंडीत घातली का?"

"घातली गं."

"आन् पिशवी?"

"धुऊन वाळत घातली."

तपासणीला आलेल्या साहेबासारखी तिने मान हलवली आणि गेली. तिने मला कानकोंडं केलं नाही, या उपकाराचं माझ्यावर ओझं होतं, आणि मला ते आवडलंही होतं. त्यानंतर कितीदा तरी ती शाळा सुटल्यावर पुलावर दिसायची, कठड्याच्या जाळीला नाक लावून. मी गाडी थांबवली की विचारायची, "ह्या पाल्याखाली मासा असंल का बाई?" मी म्हणायचे, असेल एखादा. "तुमाला ठावं हाय का उगी म्हणता?" उगीच म्हणत होते, पण तसं सांगितलं नाही.

मार्चमधला एक शनिवार. सकाळची शाळा, आणि मुख्याध्यापकांना बारा वाजायच्या आत कसलीतरी ऑनलाइन माहिती हवी होती. नेट चालेना. दोन पोरांनी नळाची तोटी उपटली, व्हरांड्यात पाणीच पाणी. माझ्या अंगाचा नुसता तिळपापड. अशात ती आली.

"बाई, आज मला पुस्तक द्या ना."

"आज शनिवार आहे."

"उद्या आणून देते. तुमच्या घरी. इचारत इचारत येते."

"वेडी आहेस का? काल एकोणचाळीस झाला. तुझा गुरुवारी येतोय की. इतके दिवस थांबलीस आणि आता काय?"

"मंग हितंच बघते. खिडकीपाशी बसून. एकदाच. चिमटा काढते न् लगेच लावते."

"शेवटचं पान कुठे बघायचं असतं?"

"घरी."

"मग?"

ती जागची हलली नाही. माझा फोन वाजत होता. माझं डोकं फिरलं आणि मी ओरडले, "सगळ्यांना एक नियम आणि तुला वेगळा का? जा, बस जागेवर! नंबर आला की मिळेल!"

ती "बरं बाई" म्हणाली आणि जाऊन बसली. शाळा सुटताना रोजच्यासारखं पुस्तक कपाटात ठेवायला तीच आली. पिशवीची नाडी बांधली, पिशवी वरच्या कप्प्यात ठेवली, वरून हात फिरवला. दारापर्यंत गेली आणि वळली. "बाई, नुस्तं हो का न्हाई सांगा. घावला का?"

तोवर माझा राग उतरला होता. मी हसत हसत म्हटलं, "गुरुवारी!"

सोमवारी ती नव्हती. मंगळवारी नव्हती, बुधवारी नव्हती. गावाकडे जत्रा असेल, आजी आजारी असेल. आमच्याकडे पोरं तीन-चार दिवस गायब होणं काही नवीन नाही. गुरुवारी मी पिशवी हातात घेतली आणि म्हटलं, "त्रेचाळीस." कोणी उठलं नाही. मग तिच्या शेजारच्या खोलीत राहणारी मुलगी उभी राहिली. "बाई, ती गेली. रविवारी टेम्पो आला होता. तिच्या पप्पांना ब्रेक मिळाला ना, आता चाकणला कंपनी धरली."

"अगं मग मला कुणी सांगितलं का नाही?"

ती खाली बघायला लागली. "तीच म्हणाली, सांगू नका. ब्रेक म्हटलं की बाई पुस्तक देत नाहीत."

बेचाळीस पोरं माझ्याकडे बघत होती आणि एकाच्याही चेहऱ्यावर आश्चर्य नव्हतं. त्यांना हे कधीपासून ठाऊक होतं. मी पिशवी घेऊन तशीच खुर्चीत बसले. तिने खरं सांगितलं असतं तर मी दिलं असतं का पुस्तक? मी स्वतःला अनेकदा विचारलंय. तेव्हाच्या मला मी ओळखते. नसतं दिलं. आणि तिथेच खिडकीपाशी, माझ्या डोळ्यांसमोर बघू द्यायला माझं काय जात होतं, याचं उत्तर तर मला आजपर्यंत सापडलेलं नाही. 'पप्पांची कंपनी चालू आहे ना?' हे मात्र मी त्या दिवसापासून कोणत्याच पोराला विचारलं नाही.

पंधरा दिवसांनी शिक्षण खात्याच्या पोर्टलवर तिच्या दाखल्याची विनंती आली. चाकणच्या पुढची एक जिल्हा परिषदेची शाळा. म्हणजे ती कुठे आहे ते मला समजलं होतं! मी मनाशी ठरवलं, या रविवारी जायचं. मग लक्षात आलं, रविवारी शाळा बंद. मग परीक्षा आल्या. मग सुट्टी, मग जूनचे प्रवेश, मग कसलंसं सर्वेक्षण आमच्या गळ्यात पडलं. चाकणचा ट्रॅफिक हे कारण तर तयारच होतं. इथून फार तर तासा-दीड तासाचा रस्ता, आणि मी तो महिनोन्‌महिने कापला नाही. पुलावरून जाताना मात्र रोज जाळीकडे नजर जायची. दोन वेण्या दिसल्या की ब्रेकवर पाय पडायचा. जवळ गेलं की दुसरीच कोणीतरी.

दिवाळीनंतर शाळा उघडल्या आणि एक दिवस मी किरकोळ रजा टाकलीच. पुस्तक पर्समध्ये घेतलं, चिमट्यासकट. नव्या गाड्या लादलेले ट्रेलर, कांद्याचे ट्रक, कंपन्यांच्या बसेस, सगळ्यांच्या मागे रांगत रांगत एकदाची पोचले. दोन खोल्यांची शाळा, पुढे लिंबाचं झाड. तरुण शिक्षक होते एक. मी कोण, कुठून आले ते सांगितलं आणि मुलीबद्दल विचारलं.

"अहो, ती!" ते एकदम हसले. "या, या. तुम्हाला दाखवतो." आणि मला व्हरांड्यात घेऊन गेले.

भिंतीवर खालच्या बाजूला, पोराच्या हाताला येईल इतक्या उंचीवर, खडूने चित्रं काढलेली होती. खंड्या आणि चप्पल. खंड्या आणि पिशवी. बाटली, तसबीर, कापूस. क्रम कुठेच चुकला नव्हता. फांदीवर बसलेला दमलेला खंड्यासुद्धा होता. त्याच्यापुढे एक चौकोन आखलेला, आत काही नाही. खडू पुसट झाला की पोरं वरून गिरवतात, असं सर म्हणाले. "सगळ्या शाळेकडून तोंडपाठ करून घेतलंय तिने. ओढ्याकाठी कोणी पिशवी टाकताना दिसलं की ही पोरं कोरसमध्ये ओरडतात, हा मासा नाही!"

"आणि ती कुठे आहे?"

सरांचं हसू मावळलं. "गेली हो. दसऱ्यानंतर. वडिलांची कंपनी सुटली. कोणी म्हणतं रांजणगावला गेले, कोणी म्हणतं गावी. दाखल्याची विनंती अजून कुठून आलेली नाही."

एक महिना. फार तर सव्वा महिना. मी तिथेच व्हरांड्याच्या पायरीवर बसले. सरांनी पाणी आणून दिलं आणि जरा वेळाने म्हणाले, "एक विचारू का? तो शेवटचा चौकोन. मी तिला म्हटलं होतं, तुला शेवट माहीत नाही तर तूच एखादा बनव की. ऐकेना. म्हणाली, 'न्हाई सर, तसं नसतंय. त्यो नंबर आल्यावर बघायचा असतो. माजा नंबर आला न्हवता.'"

खोल्यांतून पोरं बाहेर आली होती, माझ्याभोवती जमली होती. मी पर्समधून पुस्तक काढलं. ज्यांनी ते कधी पाहिलं नव्हतं त्या पोरांनी कव्हरवरचा खंड्या बघितला आणि एकदम कालवा केला. मी पहिल्या पानापासून वाचलं. "हा मासा नाही!" सगळी शाळा ओरडत होती, तिच्यासारखीच, मैदानाच्या टोकापर्यंत ऐकू जाईल अशी. मी फांदीवरच्या पानापाशी आले आणि आयुष्यात पहिल्यांदा सगळ्यांसमोर तो चिमटा काढला.

पानावर खंड्या आहे. त्याच्या चोचीत बोटाच्या पेराएवढा एक मासा आहे. खाली लिहिलंय, 'एक मिळाला.' मला ते तसं वाचवेना. "घावला," मी म्हटलं. "एक घावला."

पोरं नाचायला लागली. एकाने खडू आणला आणि दोघीतिघी चौकोनात मासा काढायला धावल्या. त्यातली एक धावता धावता थांबली, मागे आली, आणि माझ्या तोंडाकडे बघत म्हणाली, "बाई, मग तिला सांगितलं का?"